थोरल्याचा आवाज

४ फेब्रुवारी

दादाचं पुस्तक शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. माझं पोट गळ्यावर चालतं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची?

सकाळी स्टुडिओच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं आणि टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. पाचवा आणि शेवटचा भाग. आधीचे चार लोकांनी छापील वाचले, हा छापायच्या आधी ऐकवायचा असं ठरलंय. रोज सकाळी एक प्रकरण मी वाचायचं, दुसऱ्या दिवशी ते श्रोत्यांच्या कानात. "लेखकांची एकच अट आहे," बाई म्हणाल्या, "वाचायचं तर तुम्हीच." त्यांना वाटलं, मी हरखून जाईन. आम्ही सख्खी भावंडं आहोत हे त्यांना ठाऊक नाही. लग्नात माझं आडनाव बदललं आणि नवरा गेल्यावर ते पुन्हा बदलून घ्यायचा मला कंटाळा आला.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एकही भाग न वाचता मलाही आहे, कारण बसस्टॉपवर, दवाखान्यात, सलूनमध्ये लोक तिच्यावरून भांडतात. कड्यावरचं एक राज्य. विधवा राणी, तिचा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. डोंगरात खडक होऊन झोपलेले प्रचंड पक्षी आहेत, ते फक्त धाकटीच्या हाकेनं जागे होतात. दरीपलीकडे हाक शिकवणारे गुरू राहतात. धाकटी तिकडे निघायची त्याच पहाटे दोरांचा पूल तुटतो. ती धावत येते तर थोरला कुऱ्हाड घेऊन उभा. तेव्हापासून चार भाग ती भावाशी लढते आहे, आणि वाचणारे झाडून सगळे तिच्या बाजूनं आहेत.

हे पक्षी मुळात आमचे दोघांचे. लहानपणी गच्चीवर पाण्याच्या टाकीशी आम्ही ते खेळायचो. राज्य दादा रचायचा आणि आवाज मी काढायचे, राणीचा, पक्ष्यांचा, वाऱ्याचासुद्धा. नकला करते म्हणून त्यानं माझं नाव साळुंकी ठेवलं, मग त्याचं साळू झालं. आवाज मनासारखा आला नाही की तो काठीनं टाकीवर दोनदा वाजवायचा. म्हणजे परत. मी परत काढायचे.

पुस्तकावर त्याचं एकट्याचं नाव आहे. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

६ फेब्रुवारी

काचेच्या खोलीत मी, काचेपलीकडे बटण. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला सगळे बटणच म्हणतात, पगाराच्या पाकिटावरही तेच लिहिलेलं असेल. माझ्याहून मोठा आहे, बोलायला कंजूष. काही चुकलं की काचेवर बोटानं दोनदा वाजवतो. कामाला लागले तेव्हा पहिल्यांदा ते ऐकून मला घोटभर पाणी प्यावं लागलं होतं. आता सवय झाली.

माझा एक नियम आहे. पुढचं वाचून ठेवायचं नाही. बाकीचे वाचक आधी सगळं वाचतात, पेन्सिलीनं खुणा करतात. मी पान उलटते आणि पुढे येईल ते श्रोत्याबरोबर मलाही नवं असतं. त्यानं आवाज ताजा राहतो. माझं थोडंफार नाव आहे ते त्यावरच.

आज थोरल्याचं पहिलं वाक्य आलं. त्याच्यासाठी आवाज शोधायला लागला नाही. बोलायच्या आधी घसा खाकरायचा, वाक्यातला शेवटचा शब्द लांबवायचा आणि कुणी काही विचारलं की "बघू". दादाचा आवाज. मी तो जरा आंबट केला, एवढंच. बटण म्हणाला, "हा माणूस पहिल्या वाक्यातच डोक्यात जातो."

मला फार बरं वाटलं. वाटायला नको होतं का?

आता लिहूनच टाकते. मी एकोणीस वर्षांची होते. एका फिरत्या नाटक कंपनीनं मला निवडलं होतं. पहाटे त्यांची गाडी घरासमोर थांबून मला घेऊन जाणार होती. मी बॅग भरून झोपले. आईनं उठवायचं कबूल केलं होतं. जाग आली ती गाडी सुरू झाल्याच्या आवाजानं. तशीच पळत बाहेर आले तर गाडी वळणावर पोचलेली, आणि दादा फाटकाला हात लावून उभा, अनवाणी. म्हणाला, "मी सांगितलं त्यांना, तू येणार नाहीस म्हणून." का, विचारलं तर गप्प. आई स्वयंपाकघरात होती. बिचारी इतकी हादरली होती की घरात चपला घालूनच उभी होती, ओल्या चपला, फरशीभर पावलं उठलेली, आणि दूध उतू जाताना नुसती बघत होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले. आठवड्याभरात कंपनीनं दुसरी मुलगी घेतली.

त्या दिवसापासून मला भाऊ नाही.

११ फेब्रुवारी

थोरला गाजतोय. मालकीणबाईंनी श्रोत्यांचे निरोप वाचून दाखवले. एकजण म्हणतो, याला कड्यावरून ढकला. एकीला म्हणे खाकरणं ऐकलं की अंगावर काटा येतो. येताना बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघी "बघूऽ" करून खिदळत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून हसले.

संध्याकाळी वहिनीचा फोन. ती फोन करते ती कुणी आजारी पडलं किंवा गेलं तरच.

"साळू, हे रोज ऐकतात गं."

"बरं."

"हसतात. म्हणतात, अगदी मीच."

मग तिनं खरं काम सांगितलं. दादाच्या घशात गाठ आहे, दवाखान्यात ठेवलंय. एकवीस तारखेला ऑपरेशन, आणि त्यात आवाज जाणार. जाईल की राहील असं काही नाही, जाणारच. "त्याआधी एकदा येऊन जा," ती म्हणाली. "दोघं बोलून घ्या. नंतर यांना बोलता यायचं नाही."

मी म्हटलं, "बघू."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हा शब्द कुणाचा ते.

१३ फेब्रुवारी

आवाज जाणार म्हणे. माझा गेला तेव्हा कोण आलं होतं? रंगमंचावर जायचा आवाज मी दुकानांच्या इमारतीत वर्षानुवर्षं "पिवळ्या गाडीच्या मालकानं गाडी हलवावी" सांगण्यात घालवला. लोक गाडी हलवायचे, हे मात्र खरं.

तरी दुपारी दवाखान्याला जायची बस कुठली ते विचारून ठेवलं. विचारायला काय जातंय.

मग वाटलं, आधी पुस्तक संपू दे. मलाच वाचायला लावलंय, म्हणजे शेवटी धाकटीचं काय करतो ते त्याला माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं असणार. तिला वेडी ठरवेल, मारून टाकेल, नाहीतर भावाच्या पायाशी आणून बसवेल. ते कळू दे, मग भेटून त्याच्या तोंडावर सांगते काय सांगायचं ते. गठ्ठा समोरच होता. शेवटची पानं काढली असती तर चहा निवायच्या आत कळलं असतं. नाही काढली. धंद्याची शिस्त म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा.

१६ फेब्रुवारी

आज राणीची लांबलचक प्रार्थना वाचली आणि आई आठवली.

आईचं शेवटचं सगळं मीच केलं, आणि आनंदानं केलं. दादा तिला भेटायला यायचा तेव्हा मी बाहेर निघून जायचे. शेजारीण सांगायची, आई त्याचा हात धरून रडत बसते. आईचं काळीज, दुसरं काय. पण जायच्या आधी ती एकच धरून बसली होती, "दादाला सांग, आता पुरे." एवढ्या वर्षांनी का होईना, तिनं त्याला सुनावलं. मी तो निरोप होता तस्सा पाठवला. आई म्हणते, आता पुरे. त्याचं उत्तर आलं नाही.

वहिनी म्हणते, चौथ्या भागानंतर तो किती वर्षं अडून बसला होता, आईच्या निरोपानंतरच हा शेवटचा लिहायला घेतला. लागलं असेल मनाला.

२० फेब्रुवारी

गेले नाही. काल जाणार होते, साडीही बदलली होती. मग दारातच प्रश्न पडला, पहिलं वाक्य काय बोलायचं. ते सापडलं नाही म्हणून साडी पुन्हा घडी करून ठेवली. दुसऱ्यांची वाक्यं वाचायची सवय लागली की असं होतं.

आज संध्याकाळी वहिनीचा फोन. "उद्या सकाळी ऑपरेशनला नेणार आहेत. यांना बोलायचंय, ठेवू नकोस."

मग खाकरणं ऐकू आलं. खरं.

"साळू," दादा म्हणाला. आवाज पार घासून गेलेला, पण तोच. "घसा मी असा नाही गं खाकरत. तू फार लांबवतेस. आखूड कर."

बस. एवढ्या वर्षांनी हे. चूक काढायची ती गच्चीवरची सवय. मला हसू येत होतं आणि ते मी येऊ दिलं नाही. म्हटलं, "मला रेकॉर्डिंग आहे," आणि फोन ठेवला.

रेकॉर्डिंग नव्हतं. बटण केव्हाच घरी गेला होता.

२१ फेब्रुवारी

प्रकरण वाचलं. पक्षी जागे झाले, धाकटीनं कडा जिंकला. माझा आवाज छान लागला होता. दुपारी वहिनीचा निरोप: झालं, ठीक आहेत.

२२ फेब्रुवारी

आजच लिहिते, उद्यावर टाकत नाही.

आजच्या प्रकरणात हरलेल्या थोरल्याला धाकटीसमोर आणतात. ती विचारते, पूल का तोडलास? तो म्हणतो, "तोडला." पुढे काही नाही. मी नेहमीसारखं खाकरून, लांबवून वाचलं. मग पान उलटलं आणि गोष्ट मागे गेली, त्या पहाटेवर. कुऱ्हाड राणीच्या हातात आहे. दरीपलीकडे गेलेलं कुणी परतलेलं नाही, तिचा नवराही नाही. मुलीला जाऊ द्यायचं तिला जमत नाही आणि जाऊ नको म्हणायचंही जमत नाही, म्हणून ती अंधारात एकटीच दोर तोडते आहे. थोरला अंथरुणातून उठून धावत येतो तोवर शेवटचा दोर तुटलेला. तो तिच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतो. तिची पावलं दवानं भिजलेली आहेत. तो म्हणतो, "आत जा. पाय पूस, फरशीवर उठतील. ती जागी व्हायच्या आत जा." राणी विचारते, "आणि तू?" तो म्हणतो, "तिला भाऊ नसला तरी चालेल. आई लागेल."

हे सगळं मी आंबट आवाजात वाचलं. पुढचं माहीत नव्हतं, पान आलं तसं वाचत गेले. "लागेल" लांबवलासुद्धा. मग पान खाली ठेवलं.

बटणानं काचेवर दोनदा वाजवलं. परत.

मला आमची फरशी दिसत होती. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत उठलेली ओली पावलं, चपलांची. दादा अनवाणी होता. म्हणजे बाहेर जाऊन आत आली होती ती आई. गाडीपाशी आधी गेली ती आई. मला उठवायचं कबूल करून न उठवणारीही तीच. दादा मागून धावत गेला असेल, आणि गाडी वळल्यावर मी बाहेर येतेय बघून फाटकाला हात लावून उभा राहिला असेल. ते चित्र मी किती वेळा डोळ्यांसमोर आणलं, त्यावर किती वर्षं राग पोसला, आणि आईच्या पायांकडे बघून एकदाही विचार केला नाही. उलट बिचारी म्हणून लिहून ठेवलं, याच वहीत, याच महिन्यात.

आणि "आता पुरे". ते त्याला सुनावणं नव्हतं. ती त्याला मोकळं करत होती, आणि तो निरोप मी शिवी दिल्यासारखा पाठवला.

आईवर रागवायला जावं तर आई नाही. तिला दूध पाजताना मी म्हणायचे, मला तू आहेस ना, बस झालं. ती मान खाली घालून प्यायची. मला वाटायचं, थकली आहे. दादावर रागवायची ही एवढी जुनी सवय आता मी कुणाच्या पदरात टाकू? आपलेच दात, आपलेच ओठ.

बटण पाणी घेऊन आत आला. मी म्हटलं, मला थोरल्याचा आवाज पहिल्यापासून बदलायचाय. तो म्हणाला, "लोकांनी ऐकून झालंय, ताई. आता कुठे परत आणता?" मग म्हणाला, "आवाज बदलू नका. चांगला आहे. नुसता आंबटपणा काढून बघा."

मी परत वाचलं. खाकरले ते आखूड. आंबटपणा काढल्यावर काचेच्या खोलीत दादा बोलायला लागला, अगदी शेजारी बसल्यासारखा. बटणानं वाजवलं नाही. मी मात्र त्यानंतर अर्धा तास बाहेर जिन्यात बसून होते.

परवा फोनवर तोच आवाज माझ्या कानात होता आणि मी तो बंद केला.

२४ फेब्रुवारी

आज गेले. पहिलं वाक्य सापडलं नव्हतं, तशीच गेले.

वहिनी दवाखान्याच्या बोळात भेटली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "मी भांडायचे यांच्याशी. म्हटलं, ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, कशाला गप्प बसता? तर म्हणायचे, झाकली मूठ राहू दे. आईची आहे."

"मग पुस्तकात कसं लिहिलं?"

"गोष्ट आहे म्हणतात. गोष्टीत काय वाटेल ते लिहितात." तिनं डोळे पुसले. "तू आवाज बदलू नकोस हं त्यातला. घरात आता तेवढाच उरलाय."

दादा उशीला टेकून बसला होता. गळ्याला पट्टी, त्यातून नळी. उजवा हात सुईनं अडकवलेला. इतका बारीक झालाय की खांदे आईचे वाटले. मला बघून त्यानं ओठ हलवले. साळू म्हणाला असणार. आवाज आलाच नाही, आणि तो न आलेला आवाज मला सहन होईना, म्हणून मीच घसा खाकरून त्याच्या आवाजात म्हटलं, "साळू, उशीर केलास."

वहिनी खिडकीकडे वळली. दादानं डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवलं.

परत.

मी खाकरणं आणखी आखूड केलं. त्यानं पुन्हा वाजवलं. चौथ्यांदा कुठे जमलं, तेव्हा तो हसला. खांदे हलले, नळीतून हवा गेली, एवढंच हसणं. मीही हसले आणि मग रडले. माफ कर म्हटलं, माझ्या आवाजात. फोन ठेवला त्याबद्दल, बाकीच्या सगळ्याबद्दल.

मग मी विचारलं, "दादा, त्या दिवशी गाडी कुणी परत पाठवली?"

त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून उत्तरही मलाच द्यावं लागलं. त्याच्या आवाजात म्हटलं, "आईनं."

बोट दोनदा वाजलं. परत.

मला वाटलं, खाकरायचं राहिलं. खाकरून म्हटलं, "आईनं पाठवली. मी नंतर आलो."

पुन्हा दोनदा. या वेळी जरा जोरात. तो माझ्याकडे बघत होता, गच्चीवर बघायचा तसा, मी बरोबर आवाज काढेपर्यंत न हलता. मग मला समजलं, त्याला काय हवंय. आई गेली, त्याचा आवाज गेला, माझं नाटक कधीचंच गेलं, आणि हा अजून फाटकाला हात लावून उभा आहे.

"मी पाठवली," मी त्याच्या आवाजात म्हटलं.

बोट वाजलं नाही.

वहिनी काही बोलणार होती, मी तिला हातानं थांबवलं. "बरं दादा," मी म्हटलं, "तूच पाठवलीस." त्यानं डोळे मिटले. चेहरा इतका मोकळा झाला की मला तो क्षणभर ओळखू येईना.

थोड्या वेळानं परिचारिका आली आणि वेळ संपली म्हणाली. मी पर्स उचलली. दारापर्यंत पोचले तर मागून दांडीवर दोनदा वाजलं. मी परिचारिकेकडे बघितलं, तिनं घड्याळाकडे बघितलं आणि निघून गेली. मी पर्स खाली ठेवली आणि पुन्हा जाऊन बसले.